पाडव्यापर्यंतची मुदत

१८ जानेवारी १९९६, गुरुवार

विम्याचा एजंट दरवर्षी डायरी देतो. मी तिच्यात लोणच्या-पापडांची प्रमाणं उतरवते. यंदा लोणची राहू देत. यंदा माझ्याकडे एक माणूस आलाय.

खालच्या मजल्यावरच्या रमाबाईंचं तेरावं काल झालं. त्यांचा धाकटा सहदेव चौतिशीचा आहे. बी.एस्सी. झालाय, वागळे इस्टेटीत रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. अंगापिंडाने धड, डोक्याने माझ्या चौपट. पण माणसांशी जमत नाही त्याचं. कोणी "काय, कसं काय?" म्हटलं की तो खरंच कसं काय ते सांगायला लागतो, नाहीतर गप्प राहतो. आईच त्याचं सगळं बघायची.

काल थोरला भाऊ रघू सगळ्यांसमोर म्हणाला, "सहदेवाला मी टिटवाळ्याला नेतो. आमच्या नव्या बिल्डिंगीत एक खोली आहे. ही जागा भाड्याने देऊ."

सहदेव भिंतीकडे बघत म्हणाला, "मी इथेच राहणार."

"एकटा? तुला साधा पाहुणा आला तर चहा विचारता येत नाही!"

तेराव्याच्या पंगतीत भांडण नको म्हणून मी मध्ये पडले. म्हटलं, रघू, पाडव्यापर्यंत थांब. मी आहे वरच्या मजल्यावर. पाडव्याला येऊन घर बघ. नीट चाललं नसलं तर ने. रघू बायकोकडे बघून बरं म्हणाला.

वर आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे पेपर वाचत होते. "तू सांगितलंस ना? मग झालं," म्हणाले आणि पान उलटलं. माणसाला जरा कळवळा असावा.

२० जानेवारी

रमाबाईंनी एक किल्ली माझ्याकडे ठेवली होती. सकाळी दार उघडून आत गेले, तर हा काळोखात, खिडक्या लावून, कानात कापूस घालून बसलेला. जवळ बसून पाठीवर हात फिरवला तर दचकून उठलाच.

"आईची आठवण येते का रे?"

"येते. पण आत्ता शांताबाईंचा मिक्सर चालू आहे."

समोरच्या शांताबाई इडलीचं वाटत होत्या. मी आपली डोळे पुसत होते.

निघताना म्हटलं, काही लागलं तर हाक मार. तो म्हणाला, "काय लागलं तर?" मी म्हटलं, काहीही. तो म्हणाला, "काहीही म्हणजे काय, ते सांगा." गॅस संपला तर, ताप आला तर, असं एकेक सांगत दारातच अर्धा तास उभी राहिले. वर माझी आमटी करपली.

२६ जानेवारी

सुट्टी म्हणून त्याला जेवायला बोलावलं. संकोचू नये म्हणून म्हटलं, तुझंच घर समज हो.

मी पोळ्या लाटून बाहेर येते तर पंखा बंद, भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलेलं, आणि माझा रेडिओ गप्प.

"अरे, हे काय?"

"माझंच घर समज म्हणालात. पंखा खडखडतो. रेडिओचं स्टेशन नीट लागलेलं नाही, खरखर होती."

मला हसावं की रडावं कळेना. तर हे म्हणतात कसे, "बरं केलंस. चार वर्षं सांगतोय हिला."

मग दोघं वरण-भात जेवले. हे गेली चाळीस वर्षं रात्री वरण-भातच खातात, त्यामुळे वेगळं काही करायची सोयच नाही. दोघांनी मान वर केली नाही. मला वाटलं, एकमेकांवर रागावले की काय. जेवण झाल्यावर सहदेव म्हणाला, "काका बरे आहेत." मी म्हटलं, बरे आहेत म्हणजे? तर म्हणाला, "विचारत नाहीत काही."

२ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, आवाजाचा त्रास होतो म्हणून. त्यांनी कान उत्तम असल्याचं सांगून मनाच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर म्हात्रे म्हणून तरुण मुलगी आहे, मुंबईहून शिकून आलेली. तिने सहदेवाशी दीड तास गप्पा मारल्या. म्हणजे तिने विचारलं आणि त्याने उत्तरं दिली. मला म्हणाली, याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता.

मी म्हटलं, स्वतःतच मग्न असणाऱ्याला औषध हवं असेल तर ह्याच्या भावाला घेऊन येते.

ती हसली. मग समजावून सांगितलं. हा जन्मापासूनचा स्वभाव आहे, आजार नाही. बुद्धी पक्की आहे. पण न बोललेलं कळत नाही, गोंगाट सोसत नाही, अचानक काही बदललं की जीव घाबरा होतो. काय होणार ते आधी सांगायचं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. वस्तूंच्या जागा हलवायच्या नाहीत. न कळवता पाहुणे आणायचे नाहीत.

"आजी, हे तुम्हाला जमेल? अवघड असतं."

मी म्हटलं, त्यात अवघड काय? आमच्याकडे हेच तर चालतं. ह्यांना आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय मला भाजीसुद्धा बदलता येत नाही. खोपटच्या एसटी डेपोत हेडमेकॅनिक होते. निरोपसमारंभात हार गळ्यात पडला तसे उठून घरी आले, मागे भाषणं चालूच. लग्नाला गेले तर बँड वाजायच्या आत परत. पण ते वेगळं. ते हट्टी आहेत.

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काकांना कधीतरी भेटायला आवडेल." चांगली मुलगी आहे, म्हाताऱ्यांबद्दल आदर आहे.

बाहेर पडून एसटीच्या थांब्यापाशी आल्यावर सहदेव म्हणाला, "ह्याला नाव आहे. म्हणजे आणखी लोक असणार." आणि मग पहिल्यांदाच, न सांगता, माझी पिशवी हातात घेतली.

८ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं होतं की लहान मुलांसाठी मुंबईत काहीतरी सुरू झालंय, मतिमंद मुलांसाठी शाळा आहेत, पण मोठ्या, शिकलेल्या, नोकरीवाल्यांसाठी कुठे काही असेल तर तिला माहीत नाही. म्हटलं, सरकारात विचारून बघू. गेले कचेरीत.

खिडकीमागचा माणूस म्हणाला, "वय?"

"चौतीस."

"मुलांचं खातं तिसऱ्या मजल्यावर होतं, पण हे मूल नाही. बुद्धी कमी आहे?"

"तुमच्या-माझ्याहून जास्त आहे."

"हातपाय?"

"धड."

"मग आजी, अडचण काय आहे?"

"माणसांची अडचण आहे हो त्याला."

त्याने मागे वळून साहेबांना विचारलं, "माणसांची अडचण कुठल्या खात्यात येते?" साहेब म्हणाले, "ती आपल्या सगळ्यांनाच आहे. चहा सांग."

म्हणजे खातं मलाच उघडावं लागणार.

१४ फेब्रुवारी

वाटीने पिच्छा पुरवलाय.

झालं असं की शांताबाईंनी सहदेवाला वाटीभर खीर दिली. त्याने वाटी लख्ख घासून त्यांच्या दारात ठेवली. त्या मला म्हणाल्या, रिकामीच ठेवली हो, अपशकुनासारखी. मी सहदेवाला शिकवलं, शेजाऱ्याची वाटी कधी रिकामी परत करायची नाही. चिमूटभर साखर तरी घालायची.

त्याने साखर घालून वाटी दिली. पण पुढच्या वेळी साखर कशाला म्हणून आपल्याकडची शेव भरून दिली. शांताबाई कोकणातल्या रीतिभातीच्या बाई. त्यांना वाटलं, एकट्या पोराची शेव घेतली आणि वाटी तशीच कशी द्यायची? त्यांनी चिवडा दिला. त्याने केळं दिलं. त्यांनी उपमा दिला. त्याने कांदे दिले. सकाळ-संध्याकाळ वाटी या दारातून त्या दारात.

आज शांताबाई पदराने वारा घेत वर आल्या. "काकू, थांबवा हो हे! आमचा रवा संपला. आमचे मिस्टर विचारतात, आपण स्वयंपाक कोणासाठी करतो?"

त्यांच्या मागोमाग सहदेव वाटी घेऊन हजर. वाटीत चणे. घामाघूम झाला होता बिचारा. "काकू, हा नियम संपतो कुठे?"

खरं सांगते, जन्मभर वाट्या भरून पाठवल्या, पण हे कुठे थांबतं याचा कधी विचार केला नव्हता. आम्ही बायका कधी थांबतो? कोणीतरी विसरतं, तेव्हा. पण विसर असं कसं सांगणार?

ह्यांनी पेपर खाली न करता हात पुढे केला. "आण ती इकडे." वाटीतले चणे खाल्ले, वाटी फडताळात ठेवली. "संपलं."

दोन्ही घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ह्यांना कधी कधी अगदी साध्या गोष्टी बऱ्या सुचतात.

२५ फेब्रुवारी, रविवार

पाडवा जवळ आला. रघू म्हणणार, हा बोलत नाही. म्हणून मी शिकवणी चालू केलीय. कोणी आलं की म्हणायचं, "या, बसा, पाणी घ्या, मुलं कशी आहेत?" सहदेवाने पाठ केलं.

पहिला प्रयोग आवडाबाईवर केला. ती चेंदणी कोळीवाड्यातून मासळी घेऊन येते. पाटी उतरवते न उतरवते तोच सहदेव म्हणाला, "या, बसा, पाणी घ्या, मुलं कशी आहेत?" आवडाबाई बसली, पाणी प्यायली, आणि तिन्ही सुनांची गाऱ्हाणी सांगायला लागली. हा नुसता उभा. पुढचं मी शिकवलंच नव्हतं. मी खुणेने सांगितलं, मासळीबद्दल काहीतरी बोल.

त्याने पाटीत वाकून बघितलं. "बांगडे कालचे आहेत."

मला वाटलं, आता माझ्या दारात कोळीवाडा उभा राहतो. आवडाबाई मांडीवर थाप मारून हसली. "या पोराचे पुढं खोटं बोलाची सोय नाय गो बाय! ने, अर्ध्या भावात ने."

सहदेव म्हणाला, "नको. कालचे आहेत."

ती जिना उतरेपर्यंत हसत होती. शिकवणीला यश आलं म्हणायला हरकत नाही.

६ मार्च

धुळवडीने घात केला. घात केला म्हणजे मी केला. पण मला काय ठाऊक?

सकाळपासून पोरांनी जिन्यात फुगे फोडून धिंगाणा घातला होता. मी सहदेवाकडे पुरणपोळी घेऊन गेले. दार आतून बंद. बेल वाजवली, हाका मारल्या, किल्ली लावली तर आतून कडी. काही उत्तर नाही. शांताबाई म्हणाल्या, काल तोंड कसंनुसं होतं हो त्याचं. झालं! खाली घोसाळकरांचा फोन, पण त्यांच्या दाराला कुलूप, म्हणून चौकातल्या पीसीओवरून रघूला टिटवाळ्याला फोन लावला आणि रडत म्हटलं, ये बाबा, सहदेव दार उघडत नाही. मग काळुराम सुताराला बोलावून कडी तोडायला लावली.

आत सहदेव चादर डोक्यावर घेऊन, कानात कापूस घालून, पुस्तक वाचत होता. दार धाडकन उघडलं तसा किंचाळून उठला. रंगाने माखलेला काळुराम, हातात हातोडा. त्या जागी मी असते तरी किंचाळले असते.

तेवढ्यात हे खाली आले. म्हणाले, "काल सांगितलं होतं त्याने मला. धुळवडीला दार उघडणार नाही, ठीक असेन."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी ह्या माणसाबरोबर काढली.

रघू संध्याकाळी आला. मोडलेलं दार बघितलं, भेदरलेला भाऊ बघितला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, "काकू, पाडव्याला टेम्पो सांगतो." मी कितीही सांगितलं की चूक माझी, तरी तो एकच म्हणाला, "आज तुमची. उद्या खरंच काही झालं तर?"

सहदेव रात्री जेवला नाही.

१५ मार्च

काळुरामने नवी कडी बसवली. सहदेव कामाला जातो, येतो, पण माझ्याशी बोलत नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन ह्यांच्या शेजारी बसतो. हे पेपरचं मधलं पान काढून देतात, तो वाचतो. मी समोर बसून दहा वेळा विचारते, रागावलास का? दहा वेळा म्हणतो, "हो."

अकराव्यांदा विचारलं तर म्हणाला, "काकू, रोज तेच विचारलंत तर राग कमी कसा होणार?"

२० मार्च, गुढीपाडवा

आज लिहायलाच हवं.

सकाळी सहदेवाच्या खिडकीत गुढी उभी केली. श्रीखंड मी केलं, पुऱ्या त्याने लाटल्या. सगळ्या एका मापाच्या. ह्यांना दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं की खाली यायचंय आणि मध्ये बोलायचं नाही. हे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

रघू, त्याची बायको आणि दोन पोरं आली. टेम्पो खाली उभा. सहदेवाने दार उघडलं आणि एका दमात म्हणाला, "या, बसा, पाणी घ्या, मुलं कशी आहेत?" मुलं समोरच उभी होती. धाकटी म्हणाली, "आम्ही बऱ्या आहोत, काका." वातावरण जरा सैल झालं.

रघूची बायको घरभर फिरली. फरशी स्वच्छ, डबे ओळीत, गॅस भरलेला. तिला नाव ठेवायला काही सापडेना. रघू मात्र माझ्याकडे वळला. "काकू, घर स्वच्छ ठेवेल हो तो. पण हे काय जगणं आहे? रोज एकच खिचडी खातो. कोणाशी बोलत नाही. लग्नकार्याला येत नाही. सुट्टी असली की दार लावून बसतो."

मी माझं पाठ केलेलं भाषण सुरू करणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी वरण-भात खातो."

मी डोळे वटारले. हे माझ्याकडे बघतच नव्हते.

"लग्नाला जात नाही. कोणाशी बोलत नाही. मला कधी नेतोस टिटवाळ्याला?"

रघू गडबडला. "काका, तुमची गोष्ट वेगळी. तुमच्याकडे काकू आहेत."

"मग? त्याच्याकडेही तीच आहे."

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, बहुतेक कडुलिंबाचा मोहोर.

रघू खाली बसला. एकदम दमलेला दिसला. म्हणाला, "मी वाईट नाही हो काकू. आईला शब्द दिलाय, याला एकटं टाकणार नाही म्हणून. तुमचं वय पासष्ट. तुमच्यानंतर मी त्याला काय सांगू?"

मी त्याच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. तो खरं तेच बोलत होता.

सहदेव म्हणाला, "दादा, तू सगळ्यांना विचारतोस. मला विचार."

रघूने मान वर केली. "बरं. तुला विचारतो."

"टिटवाळ्याला मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. तुझ्या घरी पाहुणे खूप येतात. मी आजारी पडेन. इथलं मला निम्मं येतं. उरलेलं काकू असेपर्यंत शिकतो. आणि तू ये. पण आदल्या दिवशी फोन करून ये. खाली घोसाळकरांकडे फोन आहे."

रघूने तोंडावरून हात फिरवला. मग पोरीला म्हणाला, "खाली जाऊन टेम्पोवाल्याला सांग, रिकामाच जा म्हणावं." जेवायला बसल्यावर त्याची बायको काहीतरी म्हणायला गेली, तर तिच्या ताटात सहदेवाने तिसऱ्यांदा श्रीखंड वाढलं. तिने नको-नको केलं होतं, पण ते दोनदाच. तिसऱ्यांदा ती काही म्हणालीच नव्हती.

माझी दोन महिन्यांची तयारी फळाला आली. ह्यांनी उगाच मध्ये बोलायला नको होतं, पण निभावलं.

२४ मार्च, रविवार

सहदेव आज वर आला. उभ्याउभ्याच बोलला.

"काकू, बेल वाजवून या. किल्ली ठेवा, पण लावू नका. पाठीवर हात फिरवू नका. जेवण बुधवारीच पाठवा, वाटीत नको, डब्यात. डबा रिकामाच परत देणार."

मी म्हटलं, म्हणजे मला कामावरून काढलंस की!

"नाही. गॅसवाला आला की या. दादा येईल तेव्हा या. आणि कारखान्यात कोणी काही बोललं आणि मला कळलं नाही, तर रविवारी विचारेन. त्याचा अर्थ सांगायचा. ते तुम्हाला चांगलं येतं."

मला राग आला. मग वाटलं, रमाबाई गेल्यापासून मी त्याला काय काय हवं ते ठरवत होते, आणि हा इतक्या सुटसुटीतपणे सांगू शकत होता. मी विचारलंच नव्हतं. बरं म्हटलं.

मग तो ह्यांच्याकडे वळला. "काका, पुढच्या रविवारी संध्याकाळी माझ्याकडे या."

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "कोण कोण?"

"आपण दोघंच."

"येतो."

मी सुद्धा चिवडा घेऊन येते म्हटलं, तर सहदेव म्हणाला, "नको. तुम्ही बोलता."

३१ मार्च, रविवार

हे दुपारीच अंघोळ करून तयार. इस्त्रीचा शर्ट. डेपो सोडल्यापासून ह्यांना कोणी घरी बोलावलं नव्हतं आणि ह्यांनी कधी त्याबद्दल तक्रारही केली नव्हती. मला वाटायचं, नकोच असतं ह्यांना. चार वाजता जिना उतरून गेले.

मला राहवेना. पाचला कोथिंबिरीचं निमित्त करून खाली गेले, दाराला कान लावला. शब्द नाही. साडेपाचला शांताबाईंकडे गेले आणि त्यांच्या दारातून बघितलं. सहदेवाची जिन्याकडची खिडकी उघडी होती. दोघं दोन खुर्च्यांवर. मध्ये स्टूल, त्यावर दोन कप. हे पलीकडच्या खिडकीतून डेपोकडे बघतायत, तो पुस्तकात. सहापर्यंत मी चार वेळा जिन्याने वर-खाली केलं. एक अक्षर ऐकू आलं नाही. मनात म्हटलं, पोराने बोलावलं आणि ह्यांनी तोंड उघडलं नाही, काय वाटलं असेल त्याला!

सातला हे वर आले. चपला जागेवर ठेवल्या, खुर्चीत बसले. चेहरा असा खुललेला, की लग्नानंतर डेपोत कायम झाले तेव्हाच तसा दिसला होता.

मी म्हटलं, "अहो, काय झालं? जमलं का काही?"

हे म्हणाले, "फार छान गप्पा झाल्या."